विल्हेल्म राइख : वकिलाविना लढलेला खटला

मे १९५६ च्या पहिल्या आठवड्यात अमेरिकेच्या मेन राज्यातील पोर्टलँड येथील संघीय न्यायालयात एक विलक्षण फौजदारी खटला चालला. आरोपी होते डॉ. विल्हेल्म राइख, वय वर्षे ५९. सिग्मंड फ्रॉइड यांच्या व्हिएन्नातील तरुण शिष्यांमध्ये एकेकाळी त्यांची गणना अग्रभागी होत असे. आरोग्याच्या नावाखाली लोकांची दिशाभूल करणारी उपकरणे पुरवल्याबद्दल त्यांच्याविरुद्ध निघालेला मनाई हुकूम त्यांनी मोडला, असा आरोप होता. आरोपीच्या शेजारी वकील नव्हता. त्यांनी तो घेतलाच नव्हता. समोर सरकारच्या वतीने जे वकील उभे होते, ते पीटर मिल्स मात्र चार वर्षांपूर्वीपर्यंत खुद्द राइख यांच्या संस्थेचे कायदेशीर काम पाहत असत. राइख यांच्या उत्तरायुष्याची सारी शोकांतिका या बैठक-व्यवस्थेत सामावलेली होती.

राइख यांचा जन्म २४ मार्च १८९७ रोजी तत्कालीन ऑस्ट्रिया-हंगेरी साम्राज्यातील गॅलिशिया प्रांतात झाला. वडील सधन शेतकरी व पशुपालक होते. स्वभावाने कमालीचे तापट. पुढे हे कुटुंब बुकोविनात स्थायिक झाले. आईचे घरातील शिक्षकाशी असलेले संबंध वडिलांच्या कानावर गेले, त्याला अजाण विल्हेल्मच कारण झाला. १९१० मध्ये आईने आत्महत्या केली आणि १९१४ मध्ये वडीलही गेले. पहिल्या महायुद्धात रशियन फौजा गावात शिरल्या तेव्हा घरदार सोडून निघालेल्या या तरुणाने ऑस्ट्रियाच्या सैन्यात भरती होऊन इटलीच्या आघाडीवर युद्ध पाहिले. सत्य सांगितले की घर कोसळते, हा अनुभव ज्याला तेराव्या वर्षी आला, त्याने पुढे आयुष्यभर आपले सत्य अधिकाधिक मोठ्या आवाजात सांगावे, यातील कोडे त्यांच्या चरित्रकारांना आजही पडलेले आहे.

युद्ध संपल्यावर १९१८ मध्ये राइख व्हिएन्ना विद्यापीठात दाखल झाले ते कायद्याचे विद्यार्थी म्हणून. तो विषय त्यांना रुक्ष वाटला. अल्पावधीतच त्यांनी तो सोडला आणि वैद्यकशाखेत प्रवेश घेतला. १९२२ मध्ये ते डॉक्टर झाले. तत्पूर्वीच, विद्यार्थिदशेत, १९२० मध्ये व्हिएन्नाच्या मनोविश्लेषण संस्थेने त्यांना सदस्य करून घेतले होते. गोरगरिबांसाठी चालवल्या जाणाऱ्या मनोविश्लेषण चिकित्सालयात त्यांनी कित्येक वर्षे काम केले. रुग्ण काय बोलतो यापेक्षा तो कसा बसतो, श्वास कसा घेतो, अंग कसे आक्रसून धरतो याकडे पाहण्याची त्यांची पद्धत नवी होती. १९३३ मध्ये प्रसिद्ध झालेला ‘कॅरॅक्टर ॲनालिसिस’ हा त्यांचा ग्रंथ त्यांच्या विरोधकांनीही अभ्यासला. त्याच वर्षी फॅसिझमच्या सामूहिक मानसशास्त्रावरील त्यांचे पुस्तक आले. परिणाम असा झाला की, कम्युनिस्ट पक्षाने त्यांना दूर केले, १९३४ मध्ये आंतरराष्ट्रीय मनोविश्लेषण संघटनेने सदस्यत्व संपुष्टात आणले आणि नाझी राजवटीने त्यांच्या पुस्तकांवर बंदी घातली. परस्परांचे हाडवैरी असलेल्या गटांना एकाच माणसाविषयी एकच मत व्हावे, असा प्रसंग विसाव्या शतकातही क्वचितच आला असेल.

जर्मनीतून डेन्मार्क, स्वीडन, नॉर्वे असा प्रवास करीत ऑगस्ट १९३९ मध्ये ते न्यूयॉर्कला पोहोचले. नॉर्वेतील प्रयोगांतून आपल्याला सजीवांमध्ये व वातावरणात भरून राहिलेली एक मूलभूत ऊर्जा सापडल्याची त्यांची खात्री झाली होती. तिला त्यांनी ‘ऑर्गोन’ असे नाव दिले. ही ऊर्जा साठवण्यासाठी त्यांनी १९४० मध्ये एक पेटी तयार केली. बाहेरून लाकूड, आतून धातूचा पत्रा आणि मध्ये या दोन प्रकारच्या पदार्थांचे आलटून पालटून थर. माणूस आत बसू शकेल एवढी तिची उंची. जानेवारी १९४१ मध्ये राइख प्रिन्स्टनला जाऊन अल्बर्ट आइनस्टाइन यांना भेटले आणि काही तास बोलले. पेटीच्या वरच्या बाजूस तापमान किंचित अधिक आढळते, हा त्यांचा दावा आइनस्टाइन यांनी स्वतः पडताळून पाहिला. फरक दिसला खरा. परंतु खोलीतील हवेच्या अभिसरणाने तो होतो, असा निष्कर्ष त्यांनी कळवला. राइख यांनी प्रदीर्घ पत्राने त्याचा प्रतिवाद केला. पुढे आइनस्टाइन यांच्याकडून उत्तर येणे थांबले.

ऑर्गोन ऊर्जेचे अस्तित्व विज्ञानाने कधीही मान्य केलेले नाही, हे येथेच स्पष्ट केलेले बरे. राइख यांना मात्र त्याविषयी तिळमात्र शंका नव्हती. मेन राज्यातील रेंजली या गावाजवळ त्यांनी जमीन घेतली, तेथे प्रयोगशाळा बांधली व तिला ‘ऑर्गोनॉन’ म्हटले. पेट्या रुग्णांना मासिक भाड्याने दिल्या जात आणि येणारी रक्कम संशोधनाकडे वळवली जाई. कर्करोगाच्या रुग्णांवरील प्रयोगांचे वर्णन करणारा त्यांचा ग्रंथ १९४८ मध्ये आला. आपण रोगमुक्तीची हमी कधीच दिली नाही, असे ते व त्यांचे अनुयायी सांगत राहिले. तथापि उपाय शोधत दारोदार हिंडणारा कर्करोगी आणि बरे करण्याची हमी न देता केवळ आशा देणारा डॉक्टर यांच्यातील रेषा किती पुसट असते, हे सांगण्यासाठी वैद्यक परिषदेची गरज नाही.

सरकारी चौकशीला निमित्त झाले ते एका लेखाचे. मिल्ड्रेड एडी ब्रॅडी या पत्रकार महिलेने १९४७ च्या एप्रिल व मे महिन्यांत ‘हार्पर्स’ आणि ‘न्यू रिपब्लिक’ या नियतकालिकांत लेख लिहिले. दुसऱ्या लेखाचा विषय तर राइख हाच होता, आणि अशा माणसाकडे कोणाचेच लक्ष कसे नाही, असा त्याचा रोख होता. संघीय व्यापार आयोगाने हे प्रकरण अन्न व औषध प्रशासनाकडे सोपवले. त्याच उन्हाळ्यात प्रशासनाचा निरीक्षक रेंजलीला येऊन दाखल झाला. पुढील सात वर्षे रुग्णांच्या मुलाखती, पेट्यांची मोजदाद, तज्ज्ञांकडून चाचण्या असे काम चालू राहिले. राइख यांनी प्रारंभी सहकार्य केले. नंतर मात्र चौकशी करणारे आपल्या विज्ञानाविषयी न विचारता रुग्ण महिलांच्या खासगी जीवनाविषयी विचारतात, असे म्हणत दारे बंद केली.

वास्तविक सल्ला घेण्याची खरी वेळ हीच होती. संघीय यंत्रणेची चौकशी सुरू झाली की कोणते कागद द्यावेत, कोणाशी बोलावे, कोणता शब्द पत्रात लिहू नये, हे सांगणारा माणूस जवळ असावा लागतो. आणि तो अशा कायद्याच्या खटल्यांतून तावून सुलाखून निघालेला असावा लागतो. राइख यांच्या पदरी त्या काळात वकील होते, नाही असे नाही. १९४९ ते १९५२ या वर्षांत संस्थेचे काम पाहणारे पीटर मिल्स हे मेनमधील जाणते वकील होते. परंतु त्यांच्याकडे आले ते संस्थेचे नित्याचे काम. राइख यांचा पिंडच असा की, वकील म्हणजे आपण ठरवलेले कायद्याच्या भाषेत उतरवून देणारा कारकून, एवढीच त्यांची अपेक्षा असे. आपल्याला रोखणारा वकील त्यांना नको होता. १९५३ मध्ये मिल्स यांची मेनचे संघीय सरकारी वकील म्हणून नेमणूक झाली.

१० फेब्रुवारी १९५४ रोजी त्याच मिल्स यांच्या स्वाक्षरीने पोर्टलँडच्या न्यायालयात मनाई हुकुमासाठी अर्ज दाखल झाला. प्रतिवादी तीन : राइख, त्यांची सहचरी इल्से ओलेनडॉर्फ आणि राइख यांच्या नावाची संस्था. दावा १९३८ च्या अन्न, औषध व प्रसाधने कायद्याखाली होता. आज अमेरिकेत आरोग्यसेवेतील फसवणूक हा स्वतंत्र संघीय गुन्हा आहे. तो १९९६ च्या कायद्याने निर्माण झाला. राइख यांच्या काळी सरकारच्या हाती होते ते खोट्या लेबलाचे कलम. उपकरणाबरोबर दिलेली माहिती खोटी असेल तर ते उपकरण राज्याच्या सीमेबाहेर पाठवणे बेकायदा. मेनमध्ये बनलेल्या पेट्या अन्य राज्यांत जात होत्या, म्हणून संघीय न्यायालयाला अधिकार पोहोचत होता.

पण या साध्या कलमाला एक धार होती. औषधापासून वेगळे पाठवलेले छापील साहित्यही लेबलच होय, असा निर्णय अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९४८ मध्ये कॉर्डेल नावाच्या विक्रेत्याच्या खटल्यात दिला होता. त्या निर्णयाचा आधार मिळताच राइख यांची पत्रके, नियतकालिके आणि ग्रंथ हे सारे लाकडी पेटीचे लेबल ठरण्याची वाट मोकळी झाली. फॅसिझमवरील ग्रंथ हा एखाद्या पेटीचे लेबल कसा असू शकतो, हा प्रश्न कोणत्याही जाणत्या वकिलाने पहिल्याच दिवशी उभा केला असता. अमेरिकेच्या राज्यघटनेतील पहिली दुरुस्ती, म्हणजे अभिव्यक्तिस्वातंत्र्याची हमी, त्याच्या पाठीशी होती. पेट्या कदाचित वाचल्या नसत्या. सरकारने तज्ज्ञ साक्षीदारांची जय्यत तयारी केली होती. पुस्तके वाचण्याचा संभव मात्र पुष्कळ होता.

राइख न्यायालयात गेलेच नाहीत. २५ फेब्रुवारीला त्यांनी न्यायाधीश जॉन क्लिफर्ड यांना एक निवेदन पाठवले. निसर्गाच्या नियमांचा निवाडा न्यायालयाने करावयाचा नसतो, प्रतिवादी म्हणून हजर राहणे म्हणजे तो अधिकार मान्य करणे होय, सबब आपण हजर राहणार नाही, असा त्याचा आशय. तत्त्व म्हणून त्यात काही तथ्य असेलही. परंतु कायद्याच्या दृष्टीने ते उत्तर नव्हतेच. अधिकारक्षेत्राला हरकत घ्यावयाची तर तीही अर्ज करून, हजर राहूनच घ्यावी लागते. आणि वादीच्या विधानांना रीतसर नकार दिला नाही तर ती मान्य आहेत असे गृहीत धरले जाते. १९ मार्च १९५४ रोजी न्यायालयाने एकतर्फी हुकूम दिला. एकाही साक्षीदाराची उलटतपासणी न होता ऑर्गोन ऊर्जा अस्तित्वात नाही, हे सरकारचे विधान अभिलेखावर कायम झाले. पेट्या मोडाव्यात, पत्रके व नियतकालिके नष्ट करावीत आणि बांधीव ग्रंथ त्यांतील ऑर्गोनचे उल्लेख काढेपर्यंत वितरित करू नयेत, असा तो हुकूम होता. ज्या माणसाने कायद्याचा अभ्यास कंटाळून सोडला होता, त्याच्यावर कायद्याने असा सूड उगवला.

राइख यांच्या पद्धतीने उपचार करणारे १५ डॉक्टर या हुकुमाने हादरले. त्यांनी न्यूयॉर्कचे वकील चार्ल्स हेडन यांना गाठले. हेडन यांनी मे १९५४ मध्ये या डॉक्टरांना खटल्यात सामील करून घ्यावे असा अर्ज केला. शहाणपणाचे हे एकमेव पाऊल उशिरा आणि दुसऱ्याच्या नावाने पडले. जो मुख्य प्रतिवादी होता तो गप्प, आणि बोलू पाहणारे पक्षकारच नव्हते. नोव्हेंबरमध्ये अर्ज फेटाळला गेला. अपिलातही १९५५ मध्ये तोच निकाल कायम झाला.

दरम्यान राइख ॲरिझोनाच्या वाळवंटात पाऊस पाडण्याचे प्रयोग करीत होते. परग्रहावरून येणाऱ्या यानांविषयीची त्यांची मते याच काळात दृढ झाली. आपल्यामागे मॉस्कोचे हस्तक लागले आहेत आणि अमेरिकेच्या शासनातील काही थोर मंडळी गुप्तपणे आपले रक्षण करीत आहेत, असेही ते मानू लागले. हा मनुष्य आजारी होता की अतिरेकी एकाकीपणाने त्याची अशी अवस्था झाली, याचा निवाडा आता कोणी करू नये. एवढे खरे की, कोणीतरी अदृश्य आपला पाठीराखा आहे असे ज्याला वाटते, त्याला डोळ्यांना दिसणाऱ्या वकिलाची निकड भासत नाही. ते ॲरिझोनात असताना त्यांचे सहकारी डॉ. मायकल सिल्व्हर्ट यांनी रेंजलीहून पेट्या व पुस्तके न्यूयॉर्कला हलवली. हुकुमाचा भंग झाला तो येथे. राइख यांना आधी त्याची कल्पना नव्हती, असे बहुतेक चरित्रकार मानतात. राइख यांनी मात्र सहकाऱ्याला दोष देऊन स्वतःची सुटका करून घेतली नाही. बचावाचा वकील असता तर दोघांचे बचाव वेगळे करणे हे त्याचे पहिले काम ठरले असते. येथे दोन आरोपी, दोघेही डॉक्टर, दोघेही स्वतःच स्वतःचे वकील.

फौजदारी आरोपीला वकील मिळणे हा संघीय न्यायालयांत १९३८ पासून हक्क मानला गेला होता. आणि वकील न घेता स्वतः बाजू मांडण्याची मुभा तर १७८९ च्या न्यायसंस्था कायद्यापासूनच होती. राइख यांनी दुसरा मार्ग पत्करला. ठरल्या दिवशी ते हजर न झाल्याने त्यांना अटक करून पोर्टलँडला आणण्यात आले आणि ३ मे रोजी न्यायाधीश जॉर्ज स्वीनी यांच्यापुढे खटला सुरू झाला. ज्यूरीपुढे प्रश्न एवढाच होता : हुकूम होता काय आणि तो मोडला काय? राइख यांना सांगावयाचे होते ते निराळेच. हुकूम मिळवताना सरकारने न्यायालयाची फसवणूक केली, आपल्या शोधाचा गळा घोटण्याचा हा कट आहे, हे त्यांना सिद्ध करावयाचे होते. न्यायाधीशांनी ते खटल्याच्या कक्षेबाहेरचे ठरवले. फसवणुकीच्या चौकशीतून ज्याचा प्रवास सुरू झाला, त्याने उलट सरकारवरच फसवणुकीचा आरोप ठेवावा आणि तो ऐकून घेण्याची जागाच उरलेली नसावी! ती जागा दोन वर्षांपूर्वी होती, तेव्हा ते आले नव्हते.

मिल्स यांच्या बाजूबदलाचा मुद्दा राइख यांनी या खटल्यात जाहीरपणे काढला. आपण संस्थेचे केवळ सामान्य स्वरूपाचे काम पाहिले होते, अशी मिल्स यांची भूमिका होती. वकिलाने जुन्या पक्षकाराविरुद्ध त्याच किंवा निकट संबंधित प्रकरणात उभे राहू नये, हा वकिली व्यवसायाचा जुना दंडक आहे. राइख संस्थेचे काम आणि हा खटला यांचा तसा निकट संबंध होता काय, यावर युक्तिवाद होऊ शकला असता. योग्य वेळी, योग्य नमुन्यात अर्ज करून मिल्स यांना बाजूला करण्याची मागणी करता आली असती. राइख यांनी त्याचा नैतिक प्रश्न केला, आणि ज्यूरीपुढे तो हवेत विरला. याच मिल्स यांच्या कन्या जॅनेट मिल्स २०१९ मध्ये मेन राज्याच्या गव्हर्नर झाल्या.

७ मे रोजी ज्यूरीने अल्पावधीतच दोषी असा कौल दिला. २५ मे रोजी शिक्षा सुनावली गेली : राइख यांना दोन वर्षे कारावास, सिल्व्हर्ट यांना एक वर्ष एक दिवस, संस्थेला १०,००० डॉलर दंड. जूनमध्ये अधिकाऱ्यांच्या देखत ऑर्गोनॉनमधील पेट्या कुऱ्हाडीने फोडण्यात आल्या आणि पत्रके जाळण्यात आली. २३ ऑगस्ट १९५६ रोजी न्यूयॉर्कच्या महापालिकेच्या भट्टीत कित्येक टन पुस्तके भस्मसात झाली. हुकुमानुसार जे बांधीव ग्रंथ केवळ राखून ठेवावयाचे होते, तेही त्यात होते. त्या दिवशी हुकुमाचा कागद हाती धरून भट्टीच्या दाराशी हरकत घेणारे कोणी नव्हते. नागरी स्वातंत्र्यासाठी काम करणाऱ्या अमेरिकेतील संघटनेने निषेध नोंदवला. वृत्तपत्रांनी त्याची फारशी दखल घेतली नाही.

अपील राइख यांनी स्वतः लिहिले. डिसेंबर १९५६ मध्ये बोस्टनच्या अपील न्यायालयाने ते फेटाळले. हुकूम चुकीचा वाटत असेल तर तो बदलून घेण्यासाठी न्यायालयाकडे यावे, तो मोडून नंतर त्याच्या योग्यायोग्यतेची चर्चा करता येत नाही, हे त्यामागील तत्त्व. फेब्रुवारी १९५७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकण्यास नकार दिला. मार्चमध्ये राइख यांची रवानगी प्रथम डॅनबरीच्या आणि मग पेनसिल्व्हेनियातील लुईसबर्गच्या तुरुंगात झाली. डॅनबरीच्या मनोविकारतज्ज्ञाने त्यांना संशयविकृती असल्याचे नमूद केले. मनोविकारांवर उभी हयात घालवलेल्या डॉक्टरची ही नोंद. ती शिक्षेपूर्वी, बचावाच्या बाजूने न्यायालयापुढे आली असती तर काय झाले असते, हे सांगता येत नाही. राइख यांनी तसा बचाव कोणालाही करू दिला नसता, हे मात्र निश्चित.

३ नोव्हेंबर १९५७ च्या पहाटे कोठडीत झोपेतच हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. पॅरोलच्या सुनावणीला काही दिवस उरले होते. ऑर्गोनॉनच्या टेकडीवर त्यांचे दफन झाले. सिल्व्हर्ट यांनी सुटकेनंतर, मे १९५८ मध्ये आत्महत्या केली. १९६० पासून एका नामांकित अमेरिकी प्रकाशनसंस्थेने राइख यांचे ग्रंथ पुन्हा छापण्यास प्रारंभ केला. सरकारने हरकत घेतली नाही. आपले कागदपत्र मृत्यूनंतर ५० वर्षे बंद ठेवावेत, अशी तरतूद त्यांनी मृत्युपत्रात केली होती. हा दस्तऐवज नोव्हेंबर २००७ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाच्या वैद्यक ग्रंथालयात अभ्यासकांसाठी खुला झाला.